पंचगंगेच्या घाटावरची एक पहाट

शिरूर कासारहून आम्ही बोलतोय. आम्ही म्हणजे एका बचत गटातल्या अकरा जणी. अकरातल्या आठ जणी दरवर्षी दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊस तोडायला जातो, आणि तिघी म्हाताऱ्या-कोताऱ्या गावात राहून लेकरं सांभाळतात. रेडिओवाल्या ताई म्हणाल्या, "गटाची माहिती नेहमीच देता, यंदा काहीतरी पाहिलेलं सांगा." आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं पाहिलं. आम्ही काय पाहिलंय? फड पाहिलाय, तळ पाहिलाय, कारखान्याचं धुराडं पाहिलंय. मग आमच्यातली थोरली म्हणाली, "अगं, दिवे पाहिले की आपण. तेच सांगू." म्हणून आज कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावरच्या दिव्यांची गोष्ट सांगतो.

आधी त्रिपुरी पौर्णिमेचं सांगतो. कार्तिकातली पौर्णिमा ती त्रिपुरी. त्या दिवशी महादेवानं त्रिपुरासुराला मारलं, म्हणून देवळात, दीपमाळेवर, नदीच्या काठी दिवे लावायचे. आपल्याकडं आया-बाया वर्षाच्या दिवसांइतक्या वाती वळून त्रिपुर लावतात. काशीला याच दिवशी गंगेच्या घाटांवर देवदिवाळी असते. नाशिकला गोदावरीवर, वाईला कृष्णेवर दिवे लागतात. आपल्या सिंदफणेच्या काठीही लहानपणी आम्ही दिवे सोडलेत. पण लग्न झालं, हातात कोयता आला, आणि त्रिपुरी सुटली. त्रिपुरी येते तेव्हा आमची गावं निम्मी रिकामी असतात. शिरूर, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, सगळीकडं तेच. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. दिवा लावायला हात नसतात असं नाही, पण लावणारे हात साडेतीनशे किलोमीटरवर उसात असतात.

आमचा तळ कोल्हापूरपासून दहा-बारा किलोमीटरवर होता. चाळीसेक कोप्या. कोपी म्हणजे काय ते ऐकणाऱ्या बऱ्याच जणींना माहीत आहे. बांबू, पाचट, वरून प्लास्टिकचा कागद. आत एक माणूस वाकूनच जातं. पहाटे तीनला उठायचं, अंधारात पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, पाचच्या आत फडात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बाई पाला काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते. जोडीनं दिवसाला दीड-दोन टन होतं. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला, हे तुम्ही ऐकलं असेल. पैसा नवऱ्याच्या नावानं, उचल नवऱ्याच्या अंगठ्यावर, आणि एक दिवस बाई आजारी पडली तरी खाडा पुऱ्या कोयत्याचा. आमच्या मुकादमानं खाड्याला दिवसाचे पाचशे ठरवले होते.

आमचं काम त्या आठवड्यात ज्यांच्या फडात होतं त्या घरची मालकीणबाई बोलकी होती. दुपारी फडावर चहा घेऊन यायची. एके दिवशी म्हणाली, "काय वो, त्रिपुरीला पंचगंगेवर दिवे बघितलाय का कधी? पहाटं लावत्यात. लई भारी असतंय. या की यंदा."

आम्ही हसलो. आमच्यातली थोरली चौदा वर्षं त्या भागात येते. कोल्हापूर तिनं पाहिलंय ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, रात्री, मोळ्यांवर बसून. अंबाबाईचं देऊळसुद्धा चौदा वर्षांत दोनदाच झालेलं. ती म्हणाली, "आम्हाला कोण सोडतंय, बाई?"

मालकीणबाई म्हणाली, "माझ्या भावाचा टेंपो भाजी घेऊन पहाटं तीनला शहरात जातोय. त्यात बसा. नऊला परत आणून सोडंल. पैसे नकोत."

रात्री तळावर आमची बैठक झाली. बचत गटाची बैठक गावात होते, तशी तळावर आम्ही कधी घेतली नव्हती. वही नव्हती, अध्यक्ष नव्हती. चुलीभोवती आठ जणी. एक म्हणाली, "दिवे पाहायला अर्धा दिवस मोडायचा? लोक काय म्हणतील?" दुसरी म्हणाली, "कामून? गडी माणसं बाजाराच्या दिवशी जातातच की. त्यांना कोणी विचारतं का?" तिसरीनं हिशेब मांडला. आदल्या दिवशी दोन तास जास्त तोडलं, तर गाडी भरून होते. मग कारखान्याचं काही अडत नाही. अडतं ते फक्त मुकादमाचं तोंड.

दुसऱ्या दिवशी आम्ही आठही जणी मिळून मुकादमाकडं गेलो. एकटी कोणी गेली नाही, हे महत्त्वाचं. तो आधी चिडला, मग म्हणाला, "जायचं तर जा, पण अर्धा खाडा धरीन." म्हणजे प्रत्येक कोयत्याला अडीचशे. आम्ही परत आलो, पुन्हा बसलो. अडीचशे म्हणजे लेकराच्या वह्या. अडीचशे म्हणजे महिन्याचं तेल. घरच्या गड्यांपैकी दोघांनी कुरकूर केली, बाकीचे म्हणाले, "जा, आम्ही भाकरी बांधून घेतो." शेवटी सात जणी निघालो.

आठवी का आली नाही, ते सांगायला पाहिजे. ती सात महिन्यांची पोटुशी होती. त्रिपुरीच्या आठ दिवस आधी, पहाटे साडेतीनला पाण्याला गेली. तळावर दिवा नाही. टाकीपाशी चिखल, बाजूला तोडलेल्या उसाची खोडं. पाय अडकला आणि डोक्यावरच्या हंड्यासकट पडली. नशीब, पोटाला लागलं नाही. पण कंबर धरली. १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका आली, दवाखान्यात नेलं, बाळ ठीक आहे म्हणाले. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही जा. मी लेकरांपाशी थांबते. आल्यावर मला सगळं सांगा, काही गाळू नका."

त्या पहाटे आम्ही धुवट लुगडी नेसलो. फडात लुगड्यावर गड्याचा शर्ट घालतो, तो तळावरच ठेवला. टेंपोत कोबीच्या पोत्यांवर बसून निघालो. थंडी अशी की दात वाजत होते. चंद्र मावळतीकडं होता, पण रस्ता दिसेल इतका उजेड होता.

घाटाच्या बरंच अलीकडं टेंपो थांबला. पुढं गर्दी. त्या वेळेला इतकी माणसं जागी असतात हे आम्हाला ठाऊक होतं, पण ती फडात. इथं नटलेल्या बाया, खांद्यावर झोपलेली लेकरं, म्हातारी माणसं, कॅमेरे घेतलेली पोरं. आणि मग पायऱ्या दिसल्या.

बायांनो, पंचगंगेचा घाट दगडी आहे, लांबच्या लांब. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी तिच्यात येतं आणि पाचवी सरस्वती गुप्त आहे असं तिथले लोक मानतात, म्हणून पंचगंगा. घाटावर लहान लहान देवळं आहेत, दगडी दीपमाळा आहेत. पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली जातं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोक्याची पातळी. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी त्याच्याही कितीतरी वर चढलं होतं आणि शहरात घुसलं होतं. त्याच पायऱ्यांवर आता पायरीपायरीला पणत्या मांडलेल्या. देवळांच्या कडेनं पणत्या, दीपमाळांवर पणत्या, मधल्या मोकळ्या जागेत मोठमोठ्या रांगोळ्या आणि रांगोळीच्या कडेनं पुन्हा पणत्या. वर्तमानपत्रात एक्कावन्न हजार पणत्या असं छापून येतं. आम्ही मोजल्या नाहीत. पाण्यात पाहिलं तर तितक्याच आणखी.

आम्ही कडेला उभ्या राहिलो. पुढं जावं की नाही कळेना. तेवढ्यात एक कॉलेजची पोरगी तेलाची किटली घेऊन आली. तिकडून वारा सुटला होता आणि एका बाजूच्या पणत्या पटापट विझत होत्या. ती आमच्याकडं पाहून म्हणाली, "मावशी, जरा हात लावता का? आम्ही कमी पडतोय."

मग काय! आम्ही खाली बसलो. वाऱ्यात दिवा कसा लावायचा हे आम्हाला कोणी शिकवायला नको. वाऱ्याकडं पाठ करायची, पदर आवरून कमरेला खोचायचा, एका हाताचा आडोसा धरायचा. वात तेलात पुरी भिजवून फक्त टोक बाहेर ठेवायचं, आणि टोकाला कापराची चिमट लावायची, म्हणजे चटकन पेटतं. काडी प्रत्येक पणतीला नवी ओढायची नाही, एका जाड वातीनं पुढच्या पणत्या लावत जायचं. आम्ही सात जणींनी तीन पायऱ्या पुऱ्या लावल्या. ती पोरं पाहत राहिली. एकानं विचारलं, "मावशी, कुठल्या गावच्या?" आम्ही म्हणालो, "बीडच्या, शिरूर कासारच्या. ऊस तोडायला आलोय." तो गप्प झाला, मग म्हणाला, "आमच्याकडच्या उसाला तुम्हीच येता, पण घाटावर पहिल्यांदाच बघतोय."

ही गोष्ट आमच्या मनात राहिली. त्याचं बोलणं वाईट नव्हतं, खरं होतं.

आमच्यातली एक हिशेबाला पक्की आहे. दिवे लावता लावता म्हणाली, "एका पणतीत दोन चमचे तेल, म्हणजे दहा मिली. पन्नास हजार पणत्यांना पाचशे लिटर तेल लागतं गं." आम्ही विचारलं, हे सगळं कोण देतं? पोरं म्हणाली, मंडळं वर्गणी काढतात, आसपासची माणसं तेल, पणत्या, वाती आणून देतात, रांगोळीवाले रात्रभर रांगोळी काढतात. कुणा एकाचं काम नाही. आम्हाला ते पटलं. बचत गट तरी दुसरं काय असतं? एकीच्या डब्यात दहा रुपये असले तर दहाच. सगळ्यांचे मिळून जमले की काम होतं.

एका बाजूला भजन चालू होतं. रांगोळ्यांत देवाची चित्रं होती, तशी नदी स्वच्छ ठेवा असंही लिहिलेलं होतं. पंचगंगेचं पाणी घाण झालंय ही तिथली जुनी तक्रार आहे. म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. तुमच्या गावी नदीवर दिवे लावाल तर मातीच्या पणत्या काठावर लावा, सकाळी गोळा करून आणा. थर्माकोल, प्लास्टिकचे द्रोण पाण्यात सोडू नका. लहान लेकरांना आणि सुती-रेशमी पदरांना दिव्यापासून दूर ठेवा.

कोल्हापूरला उजेडाचा आणखी एक सण आहे, तो मालकीणबाईनं सांगितला. अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो. ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. एके दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आले किंवा वाटेत काही आडवं आलं तर किरणं पोहोचत नाहीत. जुन्या काळी देऊळ बांधणाऱ्यांनी सूर्याची चाल पाहून बांधलं. आम्ही तो अजून पाहिलेला नाही. दोन्ही वेळा हंगामातच येतात.

उजाडायला लागलं तशी पणत्यांची ज्योत फिकी पडली. लोक पांगले. आम्हीही उठलो. तेव्हा आमच्यातली धाकटी म्हणाली, "इथं पन्नास हजार दिवे. आपल्या तळावर एक असता, तर ती पडली नसती."

कोणी काही बोललं नाही. पण परत येताना टेंपोत सगळ्यांच्या डोक्यात तेच होतं. दिवे पाहून आनंद झाला नाही असं नाही, फार झाला. पण त्या आनंदातच हेही दिसलं. साखर आमच्या हातून जाते. चहात, पेढ्यात, दिवाळीच्या फराळात जाते. आणि आम्ही पाणी अंधारात भरतो.

त्या पोरांकडून आम्ही पन्नासेक विझलेल्या पणत्या मागून घेतल्या होत्या. संध्याकाळी तळावर लावायचं ठरलं. लेकरं प्रत्येक कोपीपुढं लावा म्हणून मागं लागली. आम्ही नाही म्हणालो. कोपी पाचटाची, वर प्लास्टिक, एक ठिणगी पुरे. कोपीजवळ उघडा दिवा कधीच लावायचा नाही, हे आम्ही या रेडिओवरूनही सांगतो. पाण्याच्या टाकीपाशी दगड होते, आजूबाजूचं पाचट झाडून काढलं आणि तिथं लावल्या. आमची पोटुशी मैत्रीण कोपीच्या दारात बसून पाहत होती. आम्ही तिला पहाटेचं सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

टाकीपाशी उजेड पडला तेव्हा शेजारच्या कोप्यांतल्या, दुसऱ्या टोळीच्या बायाही जमल्या. एक परभणीकडची, दोघी जतच्या. सगळ्यांची एकच गोष्ट. पाण्याला अंधार, परसाकडं जायला अंधार, विंचू-सापाची भीती. पणत्या तासाभरात विझणार होत्या. त्या विझायच्या आत ठरलं की उद्या मागायचं.

दुसऱ्या दिवशी ऊसतोडीचं बघायला कारखान्याचा माणूस फडावर आला. आम्ही सतरा जणी त्याच्यापुढं उभ्या राहिलो. भांडलो नाही. म्हणालो, "साहेब, कोपीत दिवा लावता येत नाही, पाचट पेटेल. आमची एक पोटुशी बाई अंधारात पडली. टाकीपाशी एक बल्ब पाहिजे आणि परसाकडच्या वाटेला एक." त्यानं वहीत लिहून घेतलं. चार दिवस काही नाही. आम्ही पुन्हा विचारलं. पुन्हा चार दिवस. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा, बाराव्या दिवशी, वायरमन आला आणि टाकीपाशी खांबावर एक बल्ब लागला. वाटेचा बल्ब काही लागला नाही. एकच लागला, पण पहाटे साडेतीनला तो चालू असायचा. आमची मैत्रीण पुढं तिथल्याच सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. नाव काय ठेवलं ते सांगत नाही, तुम्ही ओळखा.

चैतात आम्ही गावी आलो. पहिल्याच बैठकीत अर्ध्या खाड्याचे अडीचशे रुपये निघाले. गावातल्या म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाली, "दिव्यापायी अडीचशे घालवले होय गं?" थोरली म्हणाली, "घालवले नाहीत, अत्या. चौदा वर्षांत पहिल्यांदा आम्ही मिळून काहीतरी मागितलं ते त्या पहाटेसाठी. ते मिळालं, म्हणून बल्ब मागायचं धाडस आलं." अत्या थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "मग वहीत लिहून ठेवा."

वहीत आम्ही काय लिहिलं ते सांगतो. तुमच्या गटाला उपयोगी पडेल.

पहिलं, उचल घेताना, निघायच्या आधीच, मुकादमाला सांगायचं की तळावर पाण्यापाशी दिवा आणि बायांसाठी आडोसा पाहिजे. तळावर गेल्यावर मागितलं तर उशीर होतो. आणि मागायला एकटीनं जायचं नाही.

दुसरं, गटाच्या पैशातून प्रत्येक कोयत्याला एक छोटा सौरदिवा घ्यायचा. दिवसभर उन्हात ठेवला की रात्री आणि पहाटे चालतो, पाचटाला धोका नाही. आमच्या आठ जणींनी अंतर्गत कर्जातून घेतले, हंगाम संपल्यावर फेडायचे.

तिसरं, निघायच्या आधी ग्रामपंचायतीतून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढायचं. नवऱ्याचं काढतात तसं आपलंही काढायचं, कोयत्याला दोन माणसं असतात. फोनमध्ये तीन नंबर भरून ठेवायचे. रुग्णवाहिकेला १०८, पोलीस मदतीला ११२, महिला मदतीला १८१.

चौथं, पोटुशी बाई टोळीत असेल तर तिचं पाणी बाकीच्यांनी पाळीनं भरायचं. हे आम्हाला आधीच सुचायला हवं होतं. दिव्याची वाट पाहायची गरज नव्हती. ही आमची चूक आम्ही कबूल करतो.

पाचवं, हंगामात एक दिवस आपला. आठवड्याला दहा रुपये बाजूला टाकायचे, त्यातून खाड्याचे आणि गाडीचे पैसे. कुठं जायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. अंबाबाई असो, नदीचा घाट असो, किरणोत्सव असो. ज्या मुलखात आपण वर्षाचे पाच-सहा महिने राबतो, तो मुलूख डोळ्यांनी पाहायचा.

आणि सहावं गावातल्या तिघींनी घातलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही तिकडं दिवे लावता, आम्ही इकडं लावू. पोरांना घेऊन सिंदफणेवर जाऊ. आया नाहीत म्हणून पोरांची त्रिपुरी कामून सुटावी?" घरोघरच्या जुन्या पणत्या गोळा करून त्यांनी एका टोपलीत ठेवल्या आहेत. आम्हीही कोल्हापूरच्या पणत्यांतल्या नऊ घेऊन आलो होतो, बाकीच्या वाटेत फुटल्या. त्या नऊ त्याच टोपलीत आहेत.

येत्या त्रिपुरीला आम्ही कुठल्या तळावर असू, ते आज ठाऊक नाही. पण त्या संध्याकाळी फोन लावायचं ठरलंय. पोरं नदीवरून सांगतील किती दिवे लागले, आणि आम्ही तळावरून सांगू की पाण्यापाशी दिवा आहे की अजून मागायचाय.

तुमच्या गावच्या त्रिपुरीला कोण घरी असतं, कोण नसतं, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत विचारा. मग काय ठरलं ते आम्हाला या रेडिओवरून कळवा. आता रजा घेतो. रामराम.